पाचशे चाळीस रुपयांचा फरक



या ग्रुपवर आपण बहुतेक जण जुनंच लिहितो. गोंदियाहून येणारी नॅरोगेजची गाडी, वैनगंगेचा पूर, १९५६ साली भंडारा तिकडे गेला आणि आपलं बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं त्याच्या घरोघरच्या कथा. मी आज गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगणार आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. मी स्वतः बी. कॉम. आहे आणि सगळा जन्म बँकेच्या लेजरांत गेला. जे मला समजलं ते कुणालाही समजेल. शिवाय या गोष्टीच्या पोटात १९८३ सालची एक गोष्ट आहे. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच लिहायला बसलोय. थोडं लांब झालंय, चहा घेऊन बसा.

उन्हाळ्यात नातू सुट्टीवर आला होता. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज रडतखडत चालायचं. त्याने ते काढून लिनक्स घालून दिलं. मशीन चालायला लागलं तेव्हा मी त्याला विचारलं, "बाबा रे, हे आत चालतं तरी कसं?" तो म्हणाला, "आबा, ते नुसतं सांगून कळायचं नाही. एक पुस्तक आहे, त्यात सगळी सिस्टीम स्वतःच्या हाताने बांधायला शिकवतात. पण तुम्ही नका त्या भानगडीत पडू." आता 'नका पडू' म्हटल्यावर माणूस काय करणार?

पुस्तकाचं नाव 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'. गेरार्ड बीकमन्स नावाच्या गृहस्थांनी ते १९९९ साली सुरू केलं. आता स्वयंसेवक चालवतात, वर्षातून दोनदा नवी आवृत्ती काढतात आणि पैसे घेत नाहीत. मी मार्च २०२५ ची १२.३ वी आवृत्ती घेतली.

थोडक्यात सांगतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिहिला. पण नुसत्या गाभ्यावर काही चालत नाही. भोवतालची पुष्कळशी हत्यारं 'ग्नू' या प्रकल्पातली आहेत. तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केला होता. या सगळ्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, कुणालाही मोफत मिळतो. आपण एरवी तयार सिस्टीम घेतो, म्हणजे दळून आणलेलं पीठ. हे पुस्तक सांगतं, गहू आणा, निवडा, दळा आणि जातंही स्वतःच टाकी लावून घ्या. ऐंशीच्या आसपास पॅकेजं आहेत. एकेक उघडायचं, कम्पाइल करायचं, तपासायचं, बसवायचं.

मला ही हौस का, तर त्याला कारण आहे. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाखेतही यंत्रं आली. नागपूरहून इंजिनिअर यायचा, कुठलं बटण कधी दाबायचं ते सांगायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. आत काय चालतं ते विचारलं की हसायचा. रिटायर होईपर्यंत मी त्या यंत्रांनी काढलेल्या आकड्यांखाली सह्या केल्या. आपण सही करतो ते समजून करावी, असं वाटणारा माणूस मी. ती रुखरुख होती.

तर सुरुवात केली. सकाळी पूजा आटोपली की दहा ते एक आणि रात्री जेवण झाल्यावर. सौ. म्हणायची, "बँकेत इतके वेळेवर गेला असतात तर लवकर प्रमोशन मिळालं असतं." सगळ्या कमांड मी आधी वहीत लिहून घ्यायचो आणि झाली की समोर टिक. सवय जात नाही.

पहिल्यांदा एक तात्पुरता कम्पाइलर बांधायचा, त्याने तात्पुरती हत्यारं, मग त्या हत्यारांच्या बळावर एका बंद खोलीत शिरल्यासारखं शिरायचं. याला 'क्रूट' म्हणतात. आत गेलं की बाहेरच्या सिस्टीमच्या फायली दिसत नाहीत. तिथे पक्कं काम सुरू होतं. किती वेळ लागेल हे मिनिटांत सांगत नाहीत, कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं. पहिलं पॅकेज बांधायला तुमच्या मशीनला जितका वेळ लागला ते एक माप, आणि पुढचं सगळं त्या मापात. कम्पाइलरचं पक्कं काम चाचण्यांसकट चाळीसहून जास्त मापांचं. आमच्या मशीनवर ते रात्रभराचं काम होतं.

आता चाचण्यांबद्दल, कारण गोष्ट तिथेच आहे. पॅकेज तयार झालं की 'मेक चेक' म्हणायचं. मग ते स्वतःची परीक्षा घेतं आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'पास' किंवा 'फेल' लिहून देतं. कॉमर्सवाल्यांनी ओळखलं असेल, ही आपली तेरीज. ट्रायल बॅलन्स. नावे आणि जमा जुळले का?

पहिला धक्का 'जीलिबसी'ने दिला. हे सगळ्या पॅकेजांच्या पायातलं पॅकेज. पुस्तकात लिहिलंय की याच्या चाचण्या कुठल्याही परिस्थितीत टाळू नका. हजारो चाचण्या पास आणि शेवटी चार फेल. माझा जीव खाली-वर. एक रुपयाचा फरक असला तरी रात्री घरी न गेलेला माणूस मी, चार फेल घेऊन पुढे कसा जाऊ? पण पुस्तक नीट वाचलं तर त्यात लिहिलं होतं की एक विशिष्ट चाचणी या बंद खोलीत नापास होणारच, ती सोडून द्या. उरलेल्या तीन उघडून पाहिल्या तर त्यांत 'टाइम्ड आउट' असा शेरा. म्हणजे उत्तर चुकलं नव्हतं, मशीन म्हातारं असल्यामुळे ठरलेल्या वेळात पेपर पुरा झाला नव्हता. त्यावर उपायही दिलाय. वेळेची मुदत काही पटींनी वाढवून तेवढीच चाचणी परत घ्यायची. मी मुदत दहापट केली. तिन्ही पास. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला त्या मशीनबद्दल जरा आपुलकी वाटली, हे कबूल करतो.

त्यातून एक शिकलो. फेलचा नुसता आकडा बघून घाबरायचं नाही आणि नुसता आकडा बघून सोडूनही द्यायचं नाही. प्रत्येक फेल उघडून बघायचा. काही फरक खुलासा असलेले असतात, जसे बँक रिकन्सिलिएशनमध्ये न वटलेले चेक. ज्याचा खुलासा नाही तो खरा फरक.

पुढे काम सुरळीत चाललं. मध्ये एका ठिकाणी पायथॉनची एक छोटी ओळ चालवून बघायला सांगितली होती. उत्तर 'ओके' यायला हवं. आलं. टिक केली. मग 'बिनयुटिल्स' झालं, त्याच्या चाचण्याही ठीक. आणि त्या रात्री वीज कडाडली आणि आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर गेला. आपल्याकडे पावसाळ्यात नवल नाही. सकाळी वीज आल्यावर मी वही उघडली आणि बंद खोलीत परत शिरायच्या कमांड दिल्या. त्या आधी पाच गोष्टी जोडून घ्याव्या लागतात. दिल्या, टिका केल्या, आत गेलो.

पुढचं पॅकेज 'जीएमपी', मोठ्या आकड्यांची गणितं करणारं. पुस्तक म्हणतं, किमान १९९ चाचण्या पास झाल्या पाहिजेत, मोजून घ्या. मी मोजून घेतल्या. सगळं चोख. त्यापुढचंही चोख. मग मोठं काम, 'जीसीसी' हा कम्पाइलर. दिवसा बांधला आणि रात्री जेवण झाल्यावर चाचण्या लावून झोपलो.

सकाळी बघतो तर धुळधाण. जिथे लाखांनी पास दिसायला हवेत तिथे चुकाच चुका.

मी नातवाला फोन लावला. तो घाईत होता. म्हणाला, "आबा, जीसीसी असं विचित्र वागलं तर कधीकधी रॅम खराब असते." झालं. मला तेवढंच हवं होतं. कारण महिन्यापूर्वीच मी बाजारातल्या एका पोराच्या दुकानातून जुनी रॅम बसवून घेतली होती. मशीन रिक्षात घातलं आणि तडक दुकान गाठलं. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला बोललो. म्हाताऱ्या माणसाला रद्दी माल लावून फसवतोस का, असंच बोललो. पोरगा गोरामोरा झाला. एवढंच म्हणाला, "अंकल, मशीन रख जाइए, रातभर टेस्ट लगाता हूँ."

दुसऱ्या दिवशी गेलो. रात्रभर मेमटेस्ट चालवला होता. स्क्रीनवर चुका शून्य. "रॅम ठीक है, अंकल." पैसे घेतले नाहीत. मी मशीन उचललं आणि घरी आलो. त्याला काही बोललो नाही.

घरी येऊन पहिल्यांदा शांतपणे बसलो. बँकेत फरक शोधायच्या आमच्या दोन-तीन रीती होत्या. फरकाला दोनने भाग जात असेल तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधायची, कुणीतरी नावेची जमेला टाकलेली असू शकते. नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधायची, ६३ चे ३६. आणि काहीच हाती लागलं नाही तर शेवटचा उपाय, पुस्तकं कुठल्या तारखेला जुळलेली होती ते बघायचं आणि तिथून पुढे एकेक दिवस चालत यायचं. शेवटाकडून सुरुवात केली की माणूस भरकटतो.

मी मात्र चाचण्यांचा निकाल शेवटाकडूनच वाचला होता. नुसती बेरीज बघितली आणि दुकान गाठलं. आता लॉग पहिल्या ओळीपासून भिंगाने वाचायला घेतला. सुरुवातीलाच एक वाक्य होतं आणि पुढे पुन्हा पुन्हा तेच. त्याचा मराठीत अर्थ असा, 'या सिस्टीममध्ये पीटीवाय शिल्लक नाहीत. आणखी तयार करायला तुमच्या सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरला सांगा.'

सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर मीच.

पीटीवाय म्हणजे खोटं टर्मिनल. चाचणी घेणाऱ्या प्रोग्रामला कम्पाइलरशी बोलायला एक खिडकी लागते, बँकेच्या काउंटरसारखी. प्रत्येक चाचणीला तो अशी एक काल्पनिक खिडकी उघडतो. खिडक्याच नसतील तर काम कसलं? कम्पाइलर बिचारा ठणठणीत होता, त्याला कुणी प्रश्नच विचारू शकत नव्हतं.

आता पुस्तकं शेवटची कधी जुळली होती? ती 'ओके' वाली ओळ याच खिडक्या तपासायला होती. ती मी परत चालवली. या वेळी उत्तर आलं, पीटीवाय नाहीत. म्हणजे तेव्हा होत्या, आता नाहीत. मधे काय झालं? वीज गेली. मी वही उघडली. जोडायच्या पाच गोष्टींत पहिली 'डेव्ह' आणि दुसरी 'डेव्ह-पीटीएस'. माझ्या अक्षरात दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. मी पहिली दिली होती आणि टिक दोन्हींवर मारली होती. एकच लांब टिक. वहीत अजून आहे.

आणि गंमत बघा, त्यानंतरची पॅकेजं चोख पास झाली होती, कारण त्यांना खिडकी लागतच नव्हती. १९९ मोजून घेताना मी खूश होतो आणि चूक तेव्हाही खाली बसलेली होतीच. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं, तेरीज जुळली म्हणजे चुका नाहीत असं नव्हे. परीक्षेत पाच मार्कांना हा प्रश्न यायचा. उत्तर पाठ होतं.

ती कमांड दिली, रात्री चाचण्या परत लावल्या. सकाळी लाखांनी पास. थोडे फेल होते, ते पुस्तकवाल्यांनी स्वतःच्या मशीनवरचे निकाल ठेवलेत त्यांच्याशी ताडून पाहिले. खुलासा मिळाला. सही केली असती तर केली असती, अशी तेरीज.

पण मला आनंद झाला नाही. वहीतली ती लांब टिक बघत बसलो आणि १९८३ आठवलं.

तेव्हा मी बत्तीस वर्षांचा, नुकताच ऑफिसर झालेला. जूनची सहामाही. सेव्हिंगच्या लेजरांचं बॅलन्सिंग चाललं होतं. लेजर क्लार्क माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्या घरचं कुणी इथे असेल तर ओळखेल. भाऊ लेजरमधून एकेक शिल्लक मोठ्याने वाचायचे आणि मी बॅलन्सिंग बुकात लिहायचो. शेवटी बेरीज केली तर जनरल लेजरशी ५४० रुपयांचा फरक.

५४० ला नऊने भाग जातो. अदलाबदल, हे मी लगेच ओळखलं आणि ऐटीत सांगितलं. भाऊ म्हणाले, "साहेब, एकदा यादी लेजरशी ताडून घेऊ." मी म्हणालो, "यादी मी लिहिली आहे. तुमचं पोस्टिंग तपासा." भाऊंनी सहा महिन्यांची व्हाउचरं काढली. तीन संध्याकाळी ते आणि शिपाई कंदिलाच्या उजेडात बसले, कारण तेव्हाही वीज जायचीच. तिसऱ्या संध्याकाळी मी हॉलमध्ये, सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, "भाऊ, चष्म्याचा नंबर बदलून घ्या, नाहीतर खुर्ची बदलावी लागेल." लोक हसले. भाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि पुढचं व्हाउचर उचललं.

फरक काही दिवसांनी मीच शोधला. एका रविवारी एकटाच बसून यादी लेजरशी ताडली. भाऊंनी २,८२० वाचलं होतं. मी २,२८० लिहिलं होतं.

सोमवारी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. चूक माझी होती म्हणून सांगितलं, माफीही मागितली. ते म्हणाले, "फरक सापडला ना साहेब, झालं तर." आणि गेले. बाहेर हॉलमध्ये मात्र मी एवढंच जाहीर केलं की फरक मिळाला. कुणाचा, ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्यांनी धरून चालले की भाऊंचाच. ते पाच-सहा वर्षांनी रिटायर झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल चांगलं बोललो, पण त्या ५४० रुपयांबद्दल तेव्हाही बोललो नाही. आता ते नाहीत.

बोललो हॉलमध्ये आणि माफी मागितली केबिनमध्ये. नावे एका खात्यात आणि जमा दुसऱ्याच. अशी नोंद माझ्या हाताखालच्या क्लार्कने केली असती तर मी ती पास केली असती का?

म्हणून जीसीसी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या पोराच्या दुकानात गेलो. मुद्दाम संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला. पाच-सहा जण होते. त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितलं की बेटा, त्या दिवशी मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं, रॅम चांगली होती, चूक माझी होती, माझ्या वहीत आहे. पोरगा इतका अवघडला की म्हणाला, "अरे अंकल, छोड़िए ना, बैठिए." त्याने चहा मागवला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "क्या बना रहे हो दादाजी?" मी सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने मान हलवली.

पुढचं काम आणखी पाच-सहा आठवडे चाललं. शेवटी कर्नल बांधला. पहिल्यांदा सुरू केल्यावर त्याला स्वतःची डिस्कच सापडेना, कारण मी पार्टिशनचा आकडा चुकवला होता. या वेळी कुणालाही फोन न करता आधी वही उघडली. दुरुस्त केलं आणि ते मशीन मी बांधलेल्या सिस्टीमवर उभं राहिलं. काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ, बाकी काही नाही. सौ.ला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "हो, एवढंच. पण यातलं काय कुठून आलं ते मला माहीत आहे."

जीलिबसी बसवताना पुस्तकात भाषांची एक यादी आहे. तीत मराठी नाही, पण सोर्समध्ये मराठीची फाईल आहे. मी ती आपणहून बसवली होती. तेव्हाच त्या बंद खोलीत तारीख विचारून पाहिली होती, तर वार आणि महिना मराठीत आले. कुणीतरी बसून ते बारा महिने आणि सात वार तिथे लिहून ठेवले आहेत. कोण ते मला माहीत नाही, पण त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

आता मूळ कारण. भाऊंना बोललो तेव्हा हॉलमध्ये जे होते, त्यांतले दोघे-तिघे आणि बाकीच्यांची मुलंबाळं या ग्रुपवर आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून हे केबिनमध्ये न लिहिता इथे लिहितोय. १९८३ च्या जूनच्या सहामाहीतला ५४० रुपयांचा फरक भाऊंचा नव्हता. त्यांचं पोस्टिंग पैशापर्यंत बरोबर होतं आणि चष्म्याचा नंबरही बरोबर होता. आकडा मी चुकीचा लिहिला होता. नोंद बेचाळीस वर्षं उशिरा होतेय, पण होतेय.

आपल्या बालाघाटच्या बाजारात जुन्या दुकानांच्या बिलावर खाली एक ओळ छापलेली असायची. तीच लिहून थांबतो.

भूल-चूक लेनी-देनी.